एकादशीची सुकडी

बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर मी एकादशीला निर्जळी उपास धरला, हा माझा शुद्ध गाढवपणा. आज नातीनं पीठ भाजून त्यात गूळ घातला आणि त्या वासानं मला थेट जामखेडच्या उन्हात नेऊन बसवलं.

कामावर वाटलेली गूळ-पिठाची सुकडी मी परत केली, तीही सगळ्या बायका बघतील अशा बेतानं. सासूबाई मात्र देवाचं नाव घेऊन बोटं चाटत खात होत्या. यांना नरकच, मी मनात म्हटलं.

दुपारी चक्कर येऊन मीच खडीच्या ढिगावर आडवी! सासूबाईंनी तोंडावर पाणी मारलं, आपल्यातली उरलेली सुकडी पुढं केली अन् म्हणाल्या, "पोरी, उपास कर न्हाईतर खा, पण हसत कर. तुझं त्वांड बघून इठ्ठलाचीबी भूक मेली आसंल."