सुतळीच्या मापाची गाडी

आमच्या बायकोच्या मामांनी आजवर जगातली एकही वस्तू वरून बघून विकत घेतलेली नाही. वाशीच्या घाऊक बाजारात त्यांचा कांद्याचा गाळा आहे, आणि पोत्याच्या पार तळाशी हात घालून कांदा बाहेर काढायची सवय त्यांच्या अंगात इतकी भिनली आहे की चप्पल घेताना ते आधी तळ हुंगतात, आंब्याची पेटी उलटी करून खालच्या बाजूने उघडतात, आणि सानपाड्यात फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरचा माणूस वरच्या मजल्यावरून खाडीचा देखावा दाखवत असताना हे खाली पाण्याच्या टाकीत डोकं घालून उभे होते. माझ्या बाबतीतही तेच झालं. मी मुलगी बघायला गेलो होतो, अशी निदान माझी समजूत होती. पोहे संपायच्या आत मामांनी मला आतल्या खोलीत नेलं, मोजे काढायला लावले, टाचा पाहिल्या, दोन्ही तळवे अंगठ्याने दाबले आणि बाहेर येऊन निकाल दिला, "माल डागी हाय, पण टिकंल." त्या एका वाक्यावर माझं लग्न झालं. आजही बायको चिडली की त्यातला फक्त पहिला अर्धा भाग ऐकवते.

मामांचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे त्यांचा रुमाल. रुमाल कसला, लहान मुलाचं पांघरूण होईल तो. जुन्या बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात धरत, एकमेकांची बोटं दाबून भाव सांगत, आणि भोवती उभ्या असलेल्या माणसांना नुसता रुमाल हललेला दिसे. आता ही पद्धत बंद झाली म्हणतात, पण मामांच्या हाताला ते कुणी कळवलेलं नाही. त्यांनी रुमालाखाली दाताच्या डॉक्टरांशी भाव केला आहे, सत्यनारायणाच्या दक्षिणेवरून भटजींची बोटं दाबली आहेत, आणि एकदा लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाचा हात धरल्यावर तो बिचारा काम टाकून जिन्याने पळाला होता. मामींचं या रुमालाशी जुनं वैर आहे. त्यांचे वडील वाईकडचे, कांदा घेऊन याच गाळ्यावर यायचे. मामांच्या वडिलांनी आणि त्यांनी मामींचं लग्न गाळ्यावरच, रुमालाखाली ठरवलं. "दोन म्हाताऱ्यांनी काय बोटं दाबली त्येंची त्येंनाच ठावं," मामी म्हणतात, "मला कुनी इचारलं न्हाय. कांद्याला तरी कुठं इचारत्यात!" यावर मामा रुमालाने तोंड पुसतात आणि बाजारभावाबद्दल बोलू लागतात.

तर हे मामा गाडीत नेहमी पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसतात. आधी वडिलांच्या ट्रकमध्ये बसले, मग टेम्पोत, मग जीपमध्ये. एक हात समोर टेकलेला, नजर रस्त्यावर, आणि ड्रायव्हरने ब्रेक दाबायच्या आत यांचा पाय जमिनीवर दाबलेला. मामी कायम मागे, सामानाबरोबर. दोन वर्षांपूर्वी मामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डावा पाय जो सरळ झाला तो पुन्हा वाकेचना. आता जीपमध्ये त्यांना मागच्या सीटवर आडवं घालावं लागे, पाठ एका दाराला, टाच दुसऱ्या दाराला. दोनचार वेळा त्या तशा गेल्या. मग एका लग्नाहून परत आल्यावर म्हणाल्या, "टेम्पोत कपाट घालून नेत्यात तसं वाटतंय. ह्याफुडं मी यायची न्हाय." आणि खरंच बाहेर पडायच्या थांबल्या. माहेरची चैत्रातली जत्रा चुकली. थोरली बहीण तिकडून फोन करायची, तर या म्हणायच्या, "हितंच बरंय गं, मला गर्दी सोसत न्हाय." ज्या बाईने लग्नानंतरचं उभं आयुष्य वाशीच्या बाजाराशेजारी काढलं, तिला गर्दी सोसत नाही! मामा हे ऐकत आणि रुमालाची घडी घालत बसत.

एके दिवशी मामांनी बेलापुरात, एका सरकारी कचेरीसमोर, कुणी बडा माणूस लांबलचक गाडीतून उतरताना पाहिला. तो उतरण्याआधी मागच्या सीटवर पाय पसरून पेपर वाचत होता. मामा संध्याकाळी थेट माझ्याकडे आले. "जावई, त्या माणसाचं दोनी पाय वाकत हुतं वो. मी सवता बघितलं. मग त्याला एवढी जागा कशाला? समदी वाया चाललीय."

माझ्याकडे यायचं कारण म्हणजे गाड्यांतलं मला कळतं, अशी नातेवाइकांत माझी ख्याती आहे. ती मीच पसरवलेली आहे. रबाळ्याच्या एका कारखान्यात पुठ्ठ्याची खोकी बनतात, त्यांवर 'ही बाजू वर' हे शब्द नीट छापले जातात की नाही, एवढं पाहणं हा माझा व्यवसाय; पण जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघतो. त्या बळावर मी मामांना व्याख्यान दिलं. चाकांमधलं अंतर वाढवलेली गाडी म्हणजे लाँग व्हीलबेस, ती वळणावर जड जाते, चालवण्यातली मजा जाते, तेव्हा आखूड मॉडेलच घ्या. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालते ती हायब्रिड, ती रात्री फोनसारखी चार्जिंगला लावायची. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाय किती लांब जातो?" हे मात्र कुठल्याच व्हिडिओत नव्हतं.

मामा मग घरी गेले, पोत्याची सुतळी घेतली, आणि मामी सोफ्यावर पाय लांब करून मालिका बघत होत्या तिथे जमिनीवर बसून कमरेपासून टाचेपर्यंत माप घेतलं. "शिंपी झालायसा का काय?" मामी म्हणाल्या. मामांनी सुतळीला गाठ मारली. "बाजारात इज्जत राहात न्हाय जीपमधनं," ते म्हणाले, "गाडी घेतोय. माझ्यासाठी."

"आन् माप माझं?"

मामांनी सुतळी खिशात कोंबली आणि चपला घातल्या.

शोरूममध्ये काचेच्या दाराशी एका टायवाल्या तरुणाने आमचं स्वागत केलं, कॉफी विचारली, आणि पुढच्या बाजूने गाडी दाखवायला सुरुवात केली. तोवर मामा मागून खाली वाकून गाडीच्या पोटात शिरले होते. चकचकीत फरशीवर नुसते त्यांचे पाय दिसत होते. टायवाला घाबरून म्हणाला, "सर, अंकलना काही झालं का?" मी म्हटलं, "नाही, आवडली की ते असंच करतात." तेवढ्यात आपली जाणकारी दाखवावी म्हणून मी पेट्रोलचं झाकण उघडून आत चार्जरची पिन कुठे बसते ते शोधू लागलो. टायवाल्याने अत्यंत आदराने झाकण लावून घेतलं. "सर, ही चार्जिंगला लावायचीच नाही. ब्रेक मारला की स्वतःच चार्ज होते."

गाडीखालून मामांचा आवाज आला, "म्हंजे बिरेक दाबला की ही कमावती? मग आमच्या डायवरला हिच्यावरच बसवा."

मग सुतळी निघाली. एक टोक मी मागच्या सीटच्या पाठीशी दाबून धरायचं, दुसरं मामांनी पुढच्या सीटपर्यंत न्यायचं. टायवाला सांगत होता, मसाज आहे, थंड हवा आहे, आतल्या दिव्यांचे हवे तेवढे रंग आहेत. मामा गुडघ्यांवर बसून म्हणाले, "दिव्यानं गुडघा वाकतोय का?" मी शिफारस केलेल्या आखूड मॉडेलमध्ये गाठ वीतभर बाहेर राहिली. मामांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. सडका कांदा पोत्यातून बाहेर टाकताना ते असंच पाहतात. लांब मॉडेलमध्ये टायवाल्याने एक बटण दाबलं, पुढची डावी सीट सरकत सरकत पार पुढे जाऊन चिकटली, आणि गाठ अलगद आत बसली. "बसली!" मामा असे ओरडले की शोरूममधली दोन गिऱ्हाइकं लिलाव सुरू झाला समजून वळली.

पामबीच रस्त्यावर गाडी चालवून बघायचा मान माझा. मी बटण दाबलं. काहीच आवाज नाही. पुन्हा दाबलं. नाही. तिसऱ्यांदा दाबल्यावर मी टायवाल्याला जरा चढ्या आवाजात म्हणालो, "डेमोची गाडी तरी नीट ठेवा!" शेजारच्या सीटवरून मामा म्हणाले, "जावई, गाडी पहिल्याच झटक्याला चालू झाली हुती. पेट्रोलबिगर आवाज करीत न्हाय ती. तुमी बंद करताय, आन् परत चालू करताय." मामांना हे कसं कळलं? तर समोरचा दिवा बघून. मी बटणाकडे बघत होतो.

भाव ठरवायची वेळ आली तेव्हा मामांनी रुमाल पसरला आणि टायवाल्याचा हात आत ओढला. तो लाल झाला, पण गिऱ्हाईक देवासमान असं कुठल्याशा ट्रेनिंगमध्ये शिकलेला असावा. त्याने मामांचा हात दोन्ही हातांनी प्रेमाने दाबला. मामांचा चेहरा उजळला. "जमलं!"

"सर, काय जमलं?" टायवाल्याने मला विचारलं. मलाही ठाऊक नव्हतं. पुढे मॅनेजर आला, आतून त्याच्याही वरचा मॅनेजर आला, आणि शेवटी जे ठरलं त्यात दोन छत्र्या आणि जाड गालिचे फुकट मिळाले. रंग मामांनी पांढरा घेतला. "डाग दडवीत न्हाय त्यो रंग बरा."

खरी अडचण त्याच्या पुढेच आली. टायवाला म्हणाला, तुमची गाडी यायला काही महिने लागतील. मामांना वाटलं वाटेत असेल. "कुठवर आलीय? मी जाऊन बघून येतो."

"अंकल, ती अजून बनलीच नाही."

मामा खुर्चीत बसले. जी वस्तू अजून जगात नाही तिच्या तळाशी हात कसा घालायचा?  घरी येताना सानपाड्याच्या सिग्नलला एवढंच म्हणाले, "चैत्राच्या आत याया पायजे." मग ते दर आठवड्याला कांद्याची पिशवी घेऊन शोरूमला जाऊ लागले. टायवाल्याच्या घरी त्या काळात कांद्याशिवाय काही शिजलं नसेल.

इकडे मामी हटून बसल्या होत्या. "एका पायासाठी एवढी लांब गाडी? गाव हसंल. मी न्हाय बसायची." मामा भिंतीकडे बघून म्हणायचे, "तुला कोन बस म्हनतंय? बाजारासाठी घेतोय." बहिणीचा फोन आला की मामी आधी म्हणायच्या तेच म्हणायच्या, पण अलीकडे फोन ठेवल्यावर शेजारणीला विचारायच्या, "लांब गाडी दारात लावाया सोसायटी देती का गं?"

जत्रेच्या आदल्या आठवड्यात गाडी आली. नारळ फुटला, चाकांखाली लिंबं चिरडली. मामांच्या सोसायटीचे लोक गाडीपेक्षा मामींकडे बघत होते. मामी काठी टेकत खाली आल्या होत्या. "नुसती बघाया," असं त्यांनी लिफ्टपासून तीन जणांना सांगितलं. मामांनी मागचं डावं दार उघडलं आणि स्वतः लांब जाऊन उभे राहिले, जणू दार वाऱ्याने उघडलं असावं. मामी पाठमोऱ्या टेकल्या, वळल्या, आणि डावा पाय आत घेतला. पाय जात राहिला, जात राहिला, आणि गालिच्यावर सरळ टेकला. कुठेही अडला नाही.  मामींनी शेजारची सीट हाताने चाचपली, काचेतून बाहेर बघितलं.

"कपाट वाटत न्हाय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "जत्रा शनवारी हाय न्हवं?"

शनिवारी पहाटे निघायचं ठरलं. मामांचा ड्रायव्हर आवाज न करणाऱ्या गाडीला भुताटकी म्हणत होता, म्हणून चालवायला मी. बायको डबे घेऊन आदल्या दिवशी एसटीनेच पुढे गेली. माझ्या हातात नवी गाडी असताना तिला एसटी जास्त भरवशाची वाटली. मी बटण एकदाच दाबलं आणि दिव्याकडे बघितलं. मामी मागे बसल्या, पाय सरळ. मामांनी सवयीप्रमाणे पुढचं डावं दार उघडलं.

आत बसायला जागाच नव्हती. मामींचा पाय मावावा म्हणून सीट पार पुढे जाऊन चिकटली होती. तिथे फार तर कांद्याची पिशवी मावली असती. सुतळीने सगळी गाडी मोजणाऱ्या माणसाने स्वतःला मोजलंच नव्हतं.

मामा दार धरून उभे. "जावई," ते अगदी हळू म्हणाले, "मी कुठं बसू?"

आतून मामी म्हणाल्या, "हितं हाय की जागा. या."

मामा गाडीला वळसा घालून आले. मागचं दार उघडताना त्यांनी पायातल्या चपला काढल्या, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा घातल्या, आणि टोकावर बसले. पनवेलपर्यंत त्यांना हात टेकवायला समोर काही सापडेना. उगाच म्हणायचे, "गियर टाका," आणि मी म्हणायचो, "मामा, आपोआप पडतो."  लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही दोघं गाडीत शेजारी शेजारी बसलेली मी कधी पाहिली नव्हती. त्यांनीही पाहिली नसावीत. दोघंही आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होती, जणू एसटीत तिकिटावर नंबर शेजारचे आले होते.

खंबाटकीचा घाट ओलांडला. उतार लागला तशी गाडी पेट्रोल सोडून बॅटरीवर गेली आणि आत इतकं शांत झालं की मामींच्या बांगडीचा आवाज ऐकू आला. मी आरशात बघितलं. दोघांच्या मधल्या हातटेकणीवर रुमाल पसरलेला होता. दोघंही अजून बाहेरच बघत होती. मामा डावीकडच्या डोंगराकडे मान वळवतील तर मामींचा चेहरा दिसेल, म्हणून उजवीकडच्या शेताकडेच बघत होते. रुमाल मात्र मधूनच हलत होता.

कांद्याचा भाव बोटांनी कसा सांगतात ते मामांनी मला एकदा शिकवलं होतं. पण हा भाव कांद्याचा नसावा. मामींच्या वडिलांनी ती बोटं मुलीला शिकवली होती हेही मला तेव्हाच कळलं, कारण रुमाल दोन्हीकडून हलत होता.

बऱ्याच वेळाने मामी म्हणाल्या, "हे आधी इचारायचं असतंय."

"तवा मधी बा हुता," मामा म्हणाले.

रुमाल थोडा वेळ स्थिर राहिला. मग त्याखाली मामींच्या बाजूने काहीतरी दाबलं गेलं असावं, कारण मामांनी खिशातून दुसरा रुमाल काढून तोंड पुसलं. त्यांच्याकडे दोन रुमाल असतात हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

मामांचा जीपवरचा ड्रायव्हर परवा बाजारात भेटला. म्हणाला, "शेठ आता जीपमदी फुडं बसाया येतच न्हाईत. शेजारची सीट मोकळी दिसली की गाडी चालवाया करमत न्हाय बगा." मी मान हलवली. त्याला काय सांगणार? सूर्य डोळ्यांवर येतोय असं पुटपुटत मी जत्रेला जाताना त्या उतारावरच आरसा टपाकडे वळवला, आणि वाईपर्यंत फक्त समोरचा रस्ता पाहिला.