सारजाबाईंचा हात

सारजाबाई आमच्या गारखेड्यातल्या हॉस्पिटलात झाडलोट करतात. मी तिथंच रेकॉर्ड विभागात आहे. डिस्चार्जच्या फायली तपासायच्या आणि प्रत्येक आजाराला ठरलेला कोड द्यायचा, हे माझं काम. बी.कॉम. झालेल्या माणसाला जमण्यासारखंच आहे ते.

बाईंची ओळख मात्र झाडूमुळे नव्हती. मूळच्या करमाडच्या, आता मुलाकडे बजाजनगरात. पोट चोळण्यात त्यांचा हात बसलेला होता. तान्ह्या बाळाचा मुरडा असो की कोणाची बेंबी सरकलेली असो, बाया त्यांच्या दारी यायच्या. बाई एरंडेल कोमट करायच्या आणि डोळे मिटून चोळायच्या. आमच्या नर्सही ड्यूटी संपली की गुपचूप त्यांना पोट दाखवायच्या. डॉक्टर मंजुषा चिडवायच्या, "सारजाबाई, माझी ओपीडी पळवता काय?"

"पळवत नाय मॅडम. पर तुमचा हात लई गार हाय."

गेल्या वर्षी त्यांचा कॉलेजात शिकणारा नातू कृष्णा आजारी पडला. घसा सुजला, मानेत गाठी आल्या, ताप हटेना. जवळच्या दवाखान्यात टॉन्सिल म्हणून गोळ्या दिल्या. पोट कोणी तपासलं नाही. ताप उतरला, पण डाव्या बरगडीखाली त्याला जड वाटू लागलं.

दोन दिवसांनी तो पांढराफटक पडला. वडिलांनी, बद्रीनाथनं, त्याला आमच्याकडेच आणलं. आत डाव्या बरगडीखालची प्लीहा फाटली होती. ऑपरेशन झालं, पण कृष्णा वाचला नाही.

त्याची फाईल रीतीप्रमाणे माझ्या टेबलावर आली. निदान होतं संसर्गजन्य मोनोन्यूक्लिओसिस. विषाणूचा ताप, जास्त करून तरुण पोरांना होतो आणि बहुतेक पोरं बरी होतात. यात प्लीहा सुजते, क्वचित फाटते. त्याचा कोड बी २७, आणि अशा वेळी शेवटचा अंक 'इतर गुंतागुंत'चा. मी तो लिहिला. त्या पोराला मी शाळेच्या गणवेशात डबा घेऊन येताना पाहिलं होतं.

तेराव्यानंतर बाई कामावर आल्या. माझी खोली झाडून झाली तरी उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, की कृष्णाच्या बरगडीखाली हाताला लागलेल्या गोळ्यावर त्यांनीच तेल लावून चोळलं होतं.

"अप्पारावभाऊ, माझ्या हातानं गेलं का पोरगं?"

मी त्यांना डॉक्टर मंजुषांकडे नेलं. मॅडमनी त्यांना शेजारी बसवून समजावलं, की इतकी सुजलेली प्लीहा खोकल्यानंही फाटते. नेमकी कशानं फाटली ते कोणालाच सांगता येणार नाही. पण चोळायला नको होतं, हेही त्यांनी लपवलं नाही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्हाला नाय सांगता येत, मॅडम. माझ्या हाताला ठावं हाय. चोळता चोळता गोळा एकाएकी मऊ पडला. मला वाटलं, बसला. पोराला म्हणलं, आता पोटभर जेव."

मॅडमनी त्यांचा हात धरून ठेवला.

बाया अजून त्यांच्या दारी येतात. बाई उंबऱ्यातूनच दवाखान्यात जायला सांगतात. परवा बाळंतिणींच्या वॉर्डात एक तान्हं रडून रडून लाल झालं होतं. जरा हात फिरवा म्हणून त्याची आई विनवत होती. बाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि सिस्टरला हाक मारत जिन्याकडे गेल्या. झाडू पाळण्यापाशीच पडून राहिला होता.