टेबलावर एकच रीळ

१८ जून, बुधवार. भावोजी सकाळी चहा न घेताच गेले. दीड वाजता फोन आला, जेवायला येत नाही. डबा पोचवला. रेकॉर्डिंग बूथमधला छताचा पंखा बंद, खोलीत उकाडा. सहा दिवसांचं काम दोन दिवसांत करायचं आहे. होईलसं वाटत नाही.

वहिनींच्या वहीतली ही नोंद. त्यांचे भावोजी म्हणजे अंधांच्या बोलत्या पुस्तकांच्या वाचनालयातले टेपमास्तर. थोरला भाऊ गेल्यापासून, एकोणीस वर्षं, दीर-भावजय एकाच घरात राहत होती. त्याच वर्षी मास्तरांनी वहिनींना काचेपलीकडच्या खुर्चीत बसवून पहिलं पुस्तक वाचायला लावलं होतं. घरात त्या गप्प बसून राहत, ते त्यांना बघवत नव्हतं.

मास्तर तेहेतीस वर्षं काचेच्या अलीकडे बसले. वाचणाऱ्याने पान जरा जोरात उलटलं तरी थांबवायला त्यांचा हात वर जाई. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांच्याकडून दोन पुस्तकांची रिळं अदलाबदल झाली होती. एका म्हाताऱ्या श्रोत्याने तीन आठवडे वाट पाहून कादंबरीचा शेवट म्हणून शरीरशास्त्राचं प्रकरण ऐकलं. तेव्हापासून मास्तरांचा नियम होता: टेबलावर एकच रीळ. ते संपलं, डब्यात गेलं, डब्यावर चिठ्ठी लागली, की मगच दुसरं. रिळं जाऊन कॅसेट आल्या, कॅसेट जाऊन कॉम्प्युटर आला, नियम मात्र जागचा हलला नाही.

आता वाचनालयच बंद होत होतं. शुक्रवारी चार वाजता मध्यवर्ती ग्रंथालयाची गाडी येणार होती. सहाशे चाळीस पुस्तकं त्यांच्याकडे जायची होती, पण श्रोत्यांच्या खिशातल्या यंत्रात वाजतील अशा लहान फायली करून. हे पत्र मंगळवारी संध्याकाळी मिळालं. मूळ फायली अवाढव्य होत्या, आणि त्या आवाराबाहेर न्यायच्या नाहीत, बंद करताना पुसायच्या, असा प्रकाशकांशी करार होता. मास्तरांनी तेहेतीस वर्षांत कोरी कॅसेटसुद्धा घरी नेली नव्हती. शुक्रवारी चारपर्यंत जे होईल ते राहील, बाकीचं जाईल.

एका पुस्तकाला साडेतेरा मिनिटं लागत होती. मास्तरांनी गुणाकार केला: रात्रंदिवस चालवलं तरी सहा दिवस.

वहिनींनी डबा उघडून समोर ठेवला. मास्तरांचं लक्ष कॉम्प्युटरच्या पडद्यावर होतं. तिथे आठ लहान चौकोन होते. एकात हिरवी रेघ वर टेकली होती, सातांत ती तळाशी पडून होती.

"हे काय आहे?" वहिनींनी विचारलं.

"कोर आहेत. म्हणजे यंत्राच्या आत आठ कामगार आहेत समजा. ही त्यांची हजेरी."

"एक मरमर मरतोय आणि सात आडवे झालेत."

"मी एका वेळी एकच पुस्तक देतो ना."

"मग बाकीच्यांनी काय करायचं, पहिल्याला वारा घालायचा?"

मास्तरांचा घास हातातच राहिला. मग ते खुर्ची पुढे ओढून बसले. फायली लहान करणारी आज्ञावली त्यांनी स्वतःच कधीतरी लिहिली होती. तीत त्यांनी बदल केला: एका वेळी आठ पुस्तकं, प्रत्येक कोरला एक. तीन वाजता आठही रेघा एकदम वर गेल्या. यंत्र घरघरू लागलं.

"अठरा तास," मास्तर म्हणाले. "वहिनी, अठरा तासांत होतंय."

"आधी भाजी संपवा," वहिनी म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी नऊला काम संपलेलं होतं. मास्तरांनी चार पुस्तकं ऑपरेटरबाईंच्या यंत्रात भरून दिली. ऑपरेटरबाई समोरच्याच गल्लीत राहत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, जन्मापासून दृष्टी नाही, आणि पुस्तक तिप्पट वेगाने ऐकायची सवय. इतरांना चिवचिवाट वाटे त्यातला त्यांना शब्द न् शब्द कळे.

अकराला त्यांचा फोन आला.

"मास्तर, फौजदार दार ठोठावतो ना, तिथे आतून एक बाई म्हणते की भोपळ्याच्या वेलाला खत घाला."

"काय?"

"मग कुणीतरी मधमाश्या पाळतं. दहा मिनिटांनी फौजदार परत येतो, पण तोवर खून झालेला आहे. चारही पुस्तकांचं हेच."

मास्तरांनी आणखी दहा फायली उघडून ऐकल्या. दहाही तशाच. आज्ञावली ओळीओळीने वाचताना घोडं कुठे अडलं ते त्यांना दिसलं. लहान करण्याआधी प्रत्येक पुस्तकातली घरघर काढायची, आणि साफ झालेला आवाज एका कच्च्या फाइलीत ठेवायचा, अशी त्यांची पद्धत होती. ती कच्ची फाइल त्यांनी मुद्दाम एकच ठेवली होती, एकाच नावाची, म्हणजे दोन पुस्तकं कधी मिसळणार नाहीत. टेबलावर एकच रीळ. आठही कामगार रात्रभर त्या एकाच टेबलावर आपापलं पुस्तक ओतत होते.

"माझ्याच नियमाने घात केला," ते वहिनींना म्हणाले.

"मूळ फायली आहेत ना शाबूत?"

"आहेत."

"मग प्रत्येकाला वेगळं टेबल द्या. बसून काय होणार?"

मास्तरांनी प्रत्येक कोरला वेगळ्या नावाची कच्ची फाइल दिली, चार पुस्तकं पूर्ण करून तपासली आणि एक वाजता पुन्हा आठही रेघा वर नेल्या. शुक्रवारी सकाळपर्यंत झालं असतं. पण अडीच वाजता जळकट वास आला आणि यंत्राने मान टाकली. आदल्या रात्रीच्या मेहनतीने आतला जुना पंखा गेला होता.

मास्तर जमिनीवर बसले. वहिनी घरी जाऊन टेबलफॅन घेऊन आल्या. यंत्राचं झाकण काढून तो समोर लावला. आठ कोर चालवले की यंत्र पाच मिनिटांत बंद पडे, सहा चालवले की दहा मिनिटांत. पाचांवर ते टिकलं. तोवर तीन वाजले होते. मास्तरांनी हिशेब केला, पुसला, पुन्हा केला.

"पस्तीस-चाळीस पुस्तकं राहणार."

"कुठली?"

"यादीत जी शेवटी असतील ती."

वहिनींनी यादी हातात घेतली. वाचणाऱ्यांच्या रकान्यात त्यांचं नाव चव्वेचाळीस वेळा होतं. त्यांतली तीन पुस्तकं झाली होती.

"माझी एक्केचाळीस शेवटी टाका."

"वहिनी, भलतंच काय."

"माझी फारशी कुणी मागत नाही."

देवघेवीची वही मास्तरांच्या टेबलावरच होती, आणि त्यात काय आहे ते दोघांनाही ठाऊक होतं. वहिनींची पुस्तकं सगळ्यात जास्त मागितली जात.

"खोटं बोलायला तुम्हाला जमत नाही," मास्तर म्हणाले.

"दुसऱ्या कुणाची टाकायची ते सांगा. त्या खाणीवरच्या डॉक्टरांनी वाचलेली? ते आता हयात नाहीत. त्या मास्तरीणबाईंची? त्यांची वाचा गेली. त्यांना पुन्हा वाचता येणार नाही."

"तुम्हाला तरी कुठे येणार? वाचनालयच राहणार नाही."

वहिनींनी पेन्सिलीने एक्केचाळीस नावांपुढे खूण केली आणि यादी मास्तरांपुढे सरकवली. मास्तरांनी ती नावं एकेक करून शेवटी नेली. हे काम पाच मिनिटांचं होतं. त्यांना पाऊण तास लागला.

शुक्रवारी पावणेचारला वहिनींचं पहिलं पुस्तक लागलं. चार वाजता गाडी आली. मास्तरांनी ड्रायव्हरला चहा पाजला, डिस्कच्या पोचपावतीवर सही करताना चष्मा दोनदा पुसला, आणखी दहा मिनिटं मिळवली. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "काका, मला पाचच्या आत पोचायचंय." त्यांनी डिस्क काढून दिली. एक्केचाळिसातली सहा झाली होती. साडेचारला मास्तरांनी स्वतःच्या हाताने मूळ फायली पुसल्या. त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत.

तेवढ्यात ऑपरेटरबाईंचा फोन आला. "मास्तर, वहिनींची आली ना सगळी? समुद्रावरचं मला परत ऐकायचंय."

मास्तरांनी फोन वहिनींच्या हातात दिला आणि काचेपलीकडे जाऊन वहिनींच्या खुर्चीत बसले, काचेकडे पाठ करून.

"ते राहिलं हो," वहिनी फोनवर म्हणाल्या. "नाही, मास्तरांची चूक नाही. मीच सांगितलं."

घरी येताना टेबलफॅन मास्तरांनी उचलला.

त्या संध्याकाळी वहिनींनी वहीत लिहिलं:

२० जून, शुक्रवार. सहाशे पाच पोचली, पस्तीस गेली. भावोजी जेवले नाहीत. टेबलफॅनची जाळी पुसून तो परत कपाटावर ठेवला. भावोजींचे दोन शर्ट भिजत घातले.