मांजरांचे सांडगे

रतनबाईच्या घराचा दोष एवढाच, की ते वाटेवर होतं. भीमाकाठच्या त्या गावातून नगरला जाणारी एस्टी सकाळी साडेआठला एकदाच यायची, आणि फाट्यावर जायचं तर रतनबाईच्या दारावरूनच जावं लागायचं. तिच्याकडं पाच मांजरं होती. दिवसभर ती चुलीपाशी लोळायची, पण साडेआठ झाले की त्यांना नेमकं रस्त्यापलीकडचंच काम आठवायचं.

मांजर आडवं गेलं की घरी परतायचं, घोटभर पाणी प्यायचं, घटकाभर टेकायचं आणि मग निघायचं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तोवर एस्टी धुरळा उडवत गेलेली असायची. साल एकाहत्तर. माणूस चंद्रावर जाऊन आला म्हणे, आणि या गावाला नगर गाठता येईना.

रतनबाई स्वतः तर त्या वेळेला दाराला आतून कडी घालून बसायची. कामाला निघालेल्या माणसाला विधवेचं पांढरं कपाळ दिसू नये म्हणून. अकरा वर्षं. कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी नकोही म्हटलं नव्हतं. गाव असं लबाड असतं.

आप्पासाहेबांच्या बांधाच्या खटल्याच्या दोन तारखा मांजरांनी खाल्ल्या, तेव्हा ते चिडून तिच्या अंगणात आले.

"रतने, म्होरल्या सोमवारी माजी तारीख हाय. त्या दिशी एक जरी मांजर आडवं आलं, तर पाचीच्या पाची पोत्यात घालून भीमंपल्याड सोडीन."

मारीन म्हणाले नाहीत. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, आणि आप्पासाहेबांचा हात सढळ नव्हता.

रतनबाई त्या रात्री जेवली नाही. घरात तिच्याशी बोलणारं दुसरं होतं कोण? सकाळी उठून तिनं बाजारची सुकट तव्यावर खरपूस भाजली, पाट्यावर वाटली, बाजरीच्या पिठात कालवली आणि बोरांएवढे सांडगे बाजेवर घातले. राखण करायला पाच मांजरं होतीच, म्हणून त्यांची राखण करत ती दिवसभर उन्हात बसली. दुसऱ्या दिवसापासून साडेआठला परसात डबा वाजवायचा आणि पाचीजणांना तिथंच सांडगे घालायचे. तीन दिवस रस्ता मोकळा राहिला. आप्पासाहेबांनी मिशीला पीळ दिला.

पण सुकटीच्या वासाला कुठलं कुंपण? रस्त्यापलीकडच्या मांजरांनाही डब्याची वेळ कळली. सोमवारी आप्पासाहेब कोरं धोतर नेसून, मागं नगरला जाणारी दहाबारा माणसं घेऊन निघाले. फाट्यावर एस्टीनं भोंगा दिला, परसात डबा वाजला, आणि गावातली सतरा मांजरं पलीकडून अलीकडं, आप्पासाहेबांच्या पायापुढून, रांगेनं गेली.

सगळे जागच्या जागी खिळले. एका मांजराला घोटभर पाणी, तर सतरांना किती, याचा हिशेब कुणालाच येईना.

"आसाराम, पोतं आन!" आप्पासाहेब गड्यावर ओरडले.

तशी दाराची कडी निघाली. अकरा वर्षांत पहिल्यांदा रतनबाई साडेआठला रस्त्यावर आली. हातात डबा, आणि डब्यामागं सगळी मांजरं. तिला आडवी, उभी, तिरपी, पायांतून आरपार जात होती. माणसं बघत राहिली. अपशकुनाला अपशकुन आडवा जात होता; त्याला उतारा कुणाला माहीत?

"भिमाजी गुरव, सांगा की," कुणीतरी म्हणालं. "आता ह्ये कुनाला लागलं?"

भिमाजी पंचांग बघणारे. त्यांनी बोटांची पेरं मोजायला घेतली.

"मी सांगते," रतनबाई म्हणाली. "समदं मला लागलं. माजं आनि काय वाईट व्हायाचं ऱ्हायलंय? चला माज्या मागं."

ती फाट्याकडं चालू लागली. तिच्यामागं सगळी मांजरं, त्यांच्यामागं आप्पासाहेब, त्यांच्यामागं गाव. ही वरात बघत ड्रायव्हर थांबला, म्हणून एस्टी मिळाली. कोर्टात विरुद्ध पक्ष आलाच नाही. त्यालाही त्याच्या गावात मांजर आडवं गेलं होतं. आप्पासाहेब पेढे घेऊन परतले.

मग रोज साडेआठला तिच्या दारात माणसं थांबू लागली. रतनबाईशिवाय पाऊल उचलेना कुणी.

माघात आप्पासाहेब नातीच्या सुपारीला निघाले. "चला रतनबाई, पुढं व्हा," ते म्हणाले. रतनेची रतनबाई झाली होती.

तिनं डबा खाली ठेवला. "व्हते की. पर निसतं फाट्यापत्तोर न्हाई, आप्पा. सुपारीला येते. मांडवात, बायकांच्यात बसाया."

फाट्यावर भोंगा वाजला. एक मांजर तिच्या आणि त्यांच्या मधून सावकाश पलीकडं गेलं. तिच्याशिवाय आता त्यांना ते ओलांडता येणार नव्हतं.

"चपला घाला," आप्पासाहेब म्हणाले. "मी थांबतो."