हत्ती का दिला

माझ्या नवऱ्याला मी उभ्या संसारात ‘अहो’ म्हटलं. इथं ‘तो’ म्हणते. त्याला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तो माझ्याहून वयानं लहान राहिलाय.

त्याला दोन गोष्टींचं वेड होतं, कडक चहाचं आणि बुद्धिबळाचं. चहा मी करून द्यायची. बुद्धिबळात माझं काम वाचून दाखवायचं. बदनापूरला सरकारी शेतीफार्मवर त्याची नोकरी होती, स्टेशनाजवळ दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं आणि इंग्रजी पेपर गाडीनं यायचा, तोही एक दिवस शिळा. त्यात कधीमधी जगातल्या बड्या खेळाडूंचे डाव छापून यायचे. नुसत्या खेळ्या, समजावून सांगणारं एक अक्षर नाही. तो जमिनीवर पट मांडून बसायचा आणि मी भिंतीला टेकून, मांडीवर सूप घेऊन, तूर निवडता निवडता कात्रण वाचायची. ‘आर, गुणिले, सी, तीन.’ आर म्हणजे हत्ती आणि फुली म्हणजे मारला, एवढं मला कळायचं; फुलीला मी गुणिले म्हणते याचं त्याला कायम हसू यायचं. पटाकडे मात्र मी ढुंकून बघत नसे. घरात एकानं वेडं व्हावं; दोघं झाले तर चूल कोण पेटवणार?

तिसरे घरात माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणायची. वाटूरकडच्या खेड्यात त्यांचा जन्म मेंढरांमागं गेला. सासूबाई गेल्यावर मेंढरं विकून ते आमच्याकडे आले आणि येताना देशी बुद्धिबळ सोबत घेऊन आले. देवळाच्या ओट्यावर कोळशानं पट आखून ते शिकले होते. नवऱ्याला मोहरे ओळखायला त्यांनीच शिकवलं. पण पेपरातल्या खेळाचा त्यांना तिटकारा. देशी खेळात प्यादं एकेक घर चालतं. पेपरातलं प्यादं पहिल्याच झटक्यात दोन घरं उडी मारतं हे पाहून ते म्हणाले होते, हे प्यादं हाय का टोळ? तरी संध्याकाळी ते लेकाच्या शेजारीच बसायचे, विडी विझेपर्यंत.

तो गेला त्या वर्षी एक डाव छापून आला. जगातले पहिल्या रांगेतले दोघं. काळ्या मोहऱ्यांच्या खेळाडूनं डाव रंगात आलेला असताना आपला धडधाकट, घोड्याहून मोलाचा हत्ती देऊन समोरच्याचा एक घोडा मारला. बदल्यात शह नाही, मात नाही, वजीर नाही. आणि पुढं सावकाश, घाई न करता तो डाव जिंकला. नवरा त्या खेळीवर अडकला. जेवताना, फार्मवरून येताना, अंघोळीला पाणी काढताना एकच. मामांनाही विचारायचा, ‘बाबा, हत्ती का दिला असंल?’ मामा म्हणायचे, येडा आसन. हत्ती देणारा माणूस त्यांनी ओट्यावर कधी पाहिला नव्हता.

पावसाळा सरता सरता नवऱ्याला कावीळ झाली. आधी झाडपाला झाला, मग इथला दवाखाना झाला, शेवटी औरंगाबादला न्यायचं ठरलं. सकाळी जीप दारात उभी होती. मी पिशवीत त्याचे कपडे भरत होते. मामा त्याला दंडाला धरून जीपपर्यंत घेऊन गेले. डोळे हळदीसारखे झालेले, तरी चेहरा खुलला होता. चढताना तो मामांना म्हणाला, ‘बाबा, हत्ती का दिला ते कळालं मला. पडल्या पडल्या कळालं. आल्यावर सांगतो.’

‘जल्दी ये,’ मामा म्हणाले.

आठवड्याच्या आत त्याला त्याच जीपनं परत आणलं.

पुढचं काही मी लिहीत नाही. ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. एवढं सांगते की पट तसाच होता, खोलीच्या कोपऱ्यात, त्यानं शेवटचा मांडला होता तसा. मामा रोज त्याच्याजवळ जाऊन बसत. दहाव्याला सुतक फिटलं, बायका घर धुऊन काढायला लागल्या आणि नात्यातल्या एकीनं सगळे मोहरे गोळा करून डालड्याच्या डब्यात भरले. तिचं काही चुकलं नाही. दहाव्याला घरातलं पान नि पान हलवायचंच असतं. मामा नदीवरून आले, कोपरा पाहिला आणि उंबऱ्यावरच बसले. लेकासाठी ते तोवर रडले नव्हते. त्या दिवशी रडले.

पाहुणे पांगल्यावर त्यांनी डबा माझ्यापुढं ठेवला. ‘कागद वाच माय,’ म्हणाले.

असं आमचं सुरू झालं. मला वाचता यायचं, खेळता येत नव्हतं. त्यांना खेळता यायचं, पण देशी. आंधळ्यापांगळ्याची जोडी म्हणा. घरांची अक्षरं-आकडे मी पटाच्या कडेला खडूनं लिहिली आणि कात्रणातली एकेक खेळी मांडत गेलो. मध्येच दोन शून्यं आली. ती मला माहीत होती. ही खूण आली की नवरा म्हणायचा, राजाची खास चाल, एका डावात एकदाच. तो नेमकं काय हलवायचा ते मी पाहिलेलं नव्हतं. सूप माझ्या मांडीवर होतं ना. पण मामांना अडचण नव्हती. देशी खेळात राजाला एकदाच घोड्याची उडी मारता येते, शह लागायच्या आधी. त्यांनी पांढरा राजा उचलला, अडीच घरं मोजली आणि उघड्यावर, आपल्या घोड्याच्या शेजारी नेऊन ठेवला.

आणि मग ती खेळी आली. काळ्या हत्तीनं घोडा मारला आणि तो थेट राजाच्या अंगाला जाऊन भिडला. शह! मामांचा हात पटावर थांबला. हत्तीपासून राजापर्यंत त्यांनी बोट फिरवलं. मग म्हणाले, ‘राजाला घराभाईर वढायला दिला हत्ती. हेच पाह्यलं त्यानं. बिलकुल हेच.’

त्या संध्याकाळी ते पोटभर जेवले. महिन्यात पहिल्यांदाच. मलाही वाटलं, चला, एक तरी गाठ सुटली. पुढच्या खेळ्या काही केल्या जुळेनात, कागदातला हत्ती पटावर त्या जागी नसायचाच, तेव्हा मामा म्हणाले, पेपरवाल्यानं चुकीचं छापलंय. मीही मान डोलावली. ते गावी जाऊन आले तर तिथं पारावरच्या म्हाताऱ्यांनाही सांगून आले, की माझ्या लेकानं जगातल्या मोठ्या खेळाडूच्या मनातलं ओळखलं होतं.

दिवाळीनंतर माझा धाकटा भाऊ मला न्यायला आला. आम्हाला मूल नव्हतं, तेव्हा मी इथं कशासाठी राहायचं, असं माहेरी ठरलं होतं. भाऊ जालन्याला कॉलेजात होता, तिथं बुद्धिबळ खेळायचा. पाणी पिता पिता त्याची नजर पटावर आणि शेजारच्या कात्रणावर गेली. ‘ताई, राजा इथं कुठं आणलाय?’ म्हणत त्यानं राजा उचलला, कोपऱ्याकडे ठेवला, हत्ती त्याच्या अलीकडे आणून लावला. दोन शून्यं म्हणजे ही चाल, याला किल्लेकोट म्हणतात, म्हणाला. मग कात्रण घेऊन भराभर पुढच्या खेळ्या लावल्या. सगळ्या जुळल्या. पेपरवाल्यानं काही चुकीचं छापलं नव्हतं.

राजा कोपऱ्यात, आपल्या प्याद्यांच्या आड. शह नव्हताच. हत्ती पुन्हा फुकट गेला.

मामा उठले. विडी पेटवायला बाहेर गेले आणि काडी पेटेना. भावाचा मला असा राग आला की सांगता येत नाही. पोरगं खरं तेच बोललं होतं, पण त्यानं पाहुण्यासारखं चहा पिऊन गप्प बसायला काय झालं होतं? त्याला मी एकट्यालाच परत पाठवलं. लोक म्हणाले, सुनेनं सासऱ्यासाठी जन्म काढला. तसं काही नाही. माहेरी जाऊन वहिनीच्या हाताखाली भाकरी थापण्यापेक्षा मला मामांची किरकिर बरी वाटली. शिवाय हत्तीचं राहिलंच होतं.

पुढं मला फार्मवरच नवऱ्याच्या जागी अनुकंपेवर घेतलं. मी खेळ नीट शिकले. भावाकडून पुस्तकं आणली, जालन्याला मस्तगडमध्ये रविवारी काही जण खेळायला बसत तिथं जाऊन बसले. बाई आलेली बघून आधी त्यांनी पट आवरायला घेतला, मग सवय झाली. आणि काही वर्षांनी, तूर निवडतानाच, ते मला दिसलं. पांढऱ्यानं पटाच्या मध्यावर एक प्यादं रोवलं होतं आणि सगळा डाव त्याच्या जोरावर उभा होता. त्या प्याद्याला सांभाळत होता तो घोडा. घोडा गेला की प्यादं उघडं. शिवाय हत्तीला मारताना पांढऱ्याच्या प्याद्यांची फळी मोडते, दोन प्यादी एकामागं एक उभी राहतात, आणि त्याच्या दोन्ही हत्तींना फिरायला रस्ताच उरत नाही. दोन हत्ती असून नसल्यासारखे. म्हणून काळ्याला घाई नव्हती.

मी मामांना पटावर बसवून सगळं दाखवलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, ‘म्हंजी कळपात शिरायच्या आधी राखणीचं कुत्रं मारलं.’

‘बरोबर,’ मी म्हटलं. मला रडू यायला लागलं होतं.

त्यांनी तो हत्ती उचलून हातात घेतला. ‘तुझं बराबर हाय माय. पण त्यानं हेच पाह्यलं व्हतं का?’

पुढं ऑफिसात कॉम्प्युटर आला, तिथल्या एका पोरानं हौसेनं तो डाव त्यात घातला. यंत्रानंही माझंच बरोबर ठरवलं. मामांना सांगितलं तर त्यांनी नुसती मान हलवली. मला चीड यायची. वाटायचं, म्हाताऱ्याला उत्तर नकोच आहे. मग कळलं की खरंच नकोय. उत्तर घेतलं असतं तर ‘आल्यावर सांगतो’ म्हणणाऱ्याची वाट बघायचं काम संपलं असतं.

मामा थकले, अंथरुणाला खिळले. एका दुपारी त्यांनी डाव मांडायला सांगितला. आता मला कात्रण लागत नव्हतं. खाटेजवळ स्टुलावर पट ठेवून मी हत्तीच्या खेळीपर्यंत मांडत आणला. नवऱ्यानं कोपऱ्यात मांडून ठेवला होता, तोच तो. मामांनी मान वळवून पाहिलं. त्यांचा हात काही पटापर्यंत पोचेना, म्हणून मी हत्ती त्यांच्या मुठीत दिला.

‘आता मीच जाऊन राह्यलो,’ ते म्हणाले. ‘त्यालाच इचारतो.’

मला राग आला. खरंच राग आला. सगळा जन्म दोघांनी मला कागद वाचायला बसवलं आणि आता हे एकटे निघाले. मी म्हटलं, ‘आणि मला कोण सांगणार?’

ते हसले. तोंडात दात राहिले नव्हते.

‘आल्यावर सांगतो.’

दसऱ्याच्या झाडलोटीला मी तो पट पुसते आणि मोहरे होते तिथंच परत ठेवते. बापलेक, दोघंही शब्दाला जागले नाहीत.