तिसऱ्या बाजूचा घट्टा

मार्करकाका माणसाचा चेहरा नंतर बघत, आधी तळहात. टेनिस क्लबात सभासदांना खेळवायला आणि शिकवायला ठेवलेला माणूस म्हणजे मार्कर. पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला मी इंदिरानगरहून कोर्टवर पोचलो, तेव्हा आम्ही दोघंच होतो. त्यांनी मला पन्नास चेंडू टाकले. एकतीस जाळीत गेले. तसं मी त्यांना सांगितलंही.

"चेंडू मोजलेत साहेब, पण हात बघितलात का?" त्यांनी माझा तळहात उलगडला. "घट्टा भलत्याच जागी आलाय. कोपर दुखत असेल."

दुखत होतंच. डॉक्टरांनी दोन महिन्यांची मुदत दिली होती. तोवर दुखणं थांबलं नाही, तर खेळ बंद. सत्तेचाळिसाव्या वर्षी लागलेला हा एकच नाद. तो सोडायची माझी तयारी नव्हती.

रॅकेटच्या मुठीला आठ बाजू असतात, हेच मला ठाऊक नव्हतं. फोनवरचे व्हिडिओ बघून मी पाचवीवर हात ठेवत होतो. काकांनी कपड्यांची नीळ बोटाने तिसऱ्या बाजूला फासली. "तर्जनीच्या मुळाशी डाग उठला तरच चेंडू टाकीन." फटक्याबद्दल एवढंच, "हात मागे ओढू नका. खांदा वळवा, हात आपसूक जातो."

शेजारच्या कोर्टवरच्या बँकेतल्या बाईंना मात्र त्यांनी चौथी बाजू दिली होती. मला ते खटकलं. बरोबर पकड एकच असायला हवी ना?

"मॅडम जेमतेम पाच फूट. चेंडू त्यांच्या खांद्याशी येतो. तुम्ही ताडमाड, तुमच्या कमरेशी. चेंडू कुठे भेटतो ते आधी बघायचं."

"मग तुम्ही स्वतः दुसरी बाजू का धरता?"

काका हसले. "मनमाडला रेल्वे कॉलनीत आमचं कोर्ट शेणाने सारवलेलं. चेंडू गुडघ्याच्या वर येतच नसे. हात तिथेच राहिला."

दोन महिन्यांत कोपर शांत झालं. पुढे काका काम सोडून मनमाडला मुलीकडे राहायला गेले.

गेल्या हिवाळ्यात त्यांना भेटायला गेलो. दृष्टी जवळजवळ गेली होती. मी नाव सांगायच्या आत त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि तर्जनीच्या मुळाशी अंगठा फिरवला.

"तिसरी बाजू. इंदिरानगर." अंगठा जरा खाली सरकला, थांबला. "मध्ये पुन्हा कुणाचा व्हिडिओ बघितलात?"

"सतरा दिवस, काका," मी कबूल केलं. "कोपर दुखायला लागलं, मग सोडलं."

"आता नको," ते म्हणाले, आणि माझी मूठ मिटून त्यांनी मला परत दिली.