पहिली ब

बायकोलाही हे ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही धड कळत नाही.

पडेगावला माझी इंग्रजी शाळा आहे. शून्यातून उभी केलेली. विटांपासून बाकांपर्यंत एकेक गोष्ट घासाघीस करून आणली — माझ्यासमोर भाव टिकत नाही, असं व्यापारी म्हणतात. शाळा धर्मादाय ट्रस्टची, म्हणून सवलती मिळतात. आणि म्हणूनच ट्रस्टच्या घटनेत लिहिलंय — वस्तीतल्या गरीब मुलांना मोफत शिकवू. लिहिलं मीच. पण मोफत जागांचे सरकारी पैसे रखडत, वर सगळे आम्हालाच चोर म्हणत. याचा राग अजून आहे. पण रागाचं काय सांगू? तो त्या पोरीवर निघायला नको होता.

शाळेचा स्लॅब टाकायच्या दिवशी मजूर बाया मजुरीवरून काम अर्ध्यात टाकून निघाल्या होत्या. त्यांच्यातल्या कांताला मी म्हणालो, "थांब गं बाई, तुझी पोर ह्याच शाळेत शिकंल. फुकट." ती थांबली. तिच्यामागं सगळ्या थांबल्या. सौदा स्वस्तात पटला, एवढंच मला वाटलं.

पुढं मोफत मुलं घेत नाही म्हणून तक्रार झाली, धर्मादाय कार्यालयाचे साहेब तपासणीला येणार म्हणून कळलं. दाखवायला गरीब मुलं कुठून आणायची? वस्तीतून आणली. नवे गणवेश घातले. कांताच्या शबानाला — हो, बाप मुसलमान, तो सोडून गेलेला — मी स्वतः पढवलं. साहेबांसमोर ती खणखणीत बोलली, "माझं नाव शबाना, इयत्ता पहिली, तुकडी ब." साहेब खूश झाले. संध्याकाळी गणवेश काढून घेतले. लाल रिबिनी तेवढ्या राहिल्या.

आता शोधतो तर वस्ती उठलेली. कांता कुठं गेली, कुणालाच माहीत नाही. जागा आहे, पोर नाही — काय करू? काहीच करता येत नाही.

पण सांगायचं ते हे नाहीच.

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शबाना गेटवर आली. आपल्याच फ्रॉकमध्ये, त्याच रिबिनी बांधून. मागं कांता, डबा घेऊन. फी भरणारे पालक मुलांना सोडत उभे होते. वॉचमननं विचारलं, "साहेब, ही म्हणते काल इथंच बसली व्हती. घेऊ का आत?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "कुणाची हाय ही? मी नाय वळखत."

कांता भांडली असती तर मी जिंकलो असतो. शबानाला मात्र वाटलं, मी विसरलो. ती पुढं आली, हात शिस्तीत बाजूला ठेवले, आणि मी शिकवलं होतं तस्संच मोठ्यानं म्हणाली, "माझं नाव शबाना, इयत्ता पहिली, तुकडी ब."

गेट मी माझ्या हातानं लावलं.